फ्रान्सची वेगवान रेल्वे : पहिल्यांदा जाणाऱ्या व्यापाऱ्याने काय ध्यानात ठेवावे?

कापडाच्या धंद्यानिमित्त परदेशी जाणे ही आता केवळ मोठ्या पेढीवाल्यांची गोष्ट राहिलेली नाही. भिवंडी, मालेगाव, सोलापूरकडचे आपले बांधवही पॅरिसच्या कापड प्रदर्शनाला जाऊन येतात. 'प्रीमिएर व्हिजन' या नावाने जगभर ओळखले जाणारे हे प्रदर्शन १९७३ साली लियॉन शहरातील विणकर कारखानदारांच्या पुढाकाराने सुरू झाले. म्हणजे प्रदर्शन पॅरिसला भरत असले तरी त्याचे मूळ लियॉनमध्ये आहे. साहजिकच पॅरिसपर्यंत गेलेल्या व्यापाऱ्याला लियॉनही पाहावेसे वाटते आणि तेथे जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वे. परंतु या गाडीची रीत आपल्या गाडीहून निराळी आहे. ती न समजल्यामुळे आम्ही पहिल्या खेपेस पैसेही गमावले आणि वेळही. इतर बांधवांचे तसे होऊ नये म्हणून हे चार शब्द.

ही गाडी आहे तरी काय?

या गाडीला फ्रान्समध्ये 'तेजेवे' म्हणतात. आपण टीजीव्ही म्हणू. अर्थ साधाच आहे, अतिवेगाची गाडी. जपानने १९६४ साली अशी गाडी सुरू केली आणि युरोपात हा मान फ्रान्सला मिळाला. २७ सप्टेंबर १९८१ पासून पॅरिस-लियॉन मार्गावर टीजीव्ही प्रवाशांसाठी धावू लागली. तेव्हा तिचा वेग ताशी २६० किलोमीटर होता, आज तो ३०० च्या घरात आहे आणि काही मार्गांवर ३२०. ३ एप्रिल २००७ रोजी खास तयार केलेल्या गाडीने चाचणीत ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला. तो मात्र चाचणीचा वेग, रोजचा नव्हे.

पॅरिस ते लियॉन हे अंतर सुमारे ४३० किलोमीटर आहे व ते सुमारे दोन तासांत तोडले जाते. आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद वंदे भारत याहून थोड्या जास्त अंतराला पाच तासांहून अधिक घेते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो.

एवढा वेग नुसत्या इंजिनाच्या जोरावर येत नाही. त्यासाठी रूळच वेगळे टाकलेले आहेत. त्या रुळांवर कोठेही फाटक नाही, वळणे अगदी लांबट आहेत आणि दोन्ही बाजूंना कुंपण आहे. ताशी ३०० च्या वेगात चालकाला बाहेरचा सिग्नल वाचता येणे शक्य नसते, म्हणून सूचना थेट त्याच्यासमोरच्या पट्ट्यावर उमटतात. लगतच्या दोन डब्यांची टोके एकाच चाकगाड्यावर टेकलेली असतात, त्यामुळे गाडी एकसंध राहते व हेलकावे कमी बसतात. शहराजवळ आल्यावर हीच गाडी जुन्या रुळांवर येते व कमी वेगाने थेट मध्यवस्तीतील स्टेशनात शिरते. विमानतळाचा फेरा वाचतो, तो यामुळेच.

स्टेशनच्या नावाचा घोळ

पॅरिसला आपल्या सीएसएमटीसारखे एकच मुख्य स्टेशन नाही. दिशेप्रमाणे स्टेशने वेगळी आहेत. उत्तरेकडे लिल किंवा लंडनला जायचे तर गार द्यु नॉर, पूर्वेकडे स्ट्रासबर्गला जायचे तर गार द लेस्त, बोर्दोकडे जायचे तर मोंपार्नास आणि लियॉन, मार्सेलकडे जायचे तर गार द लियॉन. या शेवटच्या नावाने नवखा माणूस हमखास फसतो. 'गार द लियॉन' हे स्टेशन लियॉनमध्ये नसून पॅरिसमध्ये आहे. लियॉनकडे जाणाऱ्या गाड्या तेथून सुटतात म्हणून ते नाव.

लियॉन शहरातही स्टेशने एकाहून अधिक आहेत. बहुतेक गाड्या पार-दियू येथे थांबतात, काही पुढे पेराश या दुसऱ्या स्टेशनापर्यंत जातात आणि सेंत-एक्झुपेरी हे विमानतळाचे स्टेशन शहराबाहेर आहे. तिकीट काढताना कोणत्या स्टेशनाचे काढत आहोत हे वाचून घ्यावे.

आणखी एक सोय पुष्कळांना माहीत नसते. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर टर्मिनल दोनच्या खालीच टीजीव्हीचे स्टेशन आहे. तेथून लियॉनला थेट गाड्या आहेत. ज्याला पॅरिसमध्ये काम नाही त्याने शहरात शिरण्याची गरज नाही. प्रदर्शन भरते ते व्हिलपांतचे मैदानही याच विमानतळाच्या बाजूला आहे.

तिकिटाचे भाव सुताच्या भावासारखे

आपल्याकडे तिकिटाचा दर ठरलेला असतो, अशी आपली समजूत असते. टीजीव्हीचे तसे नाही. मागणी वाढली की भाव चढतो, जसा सुताचा चढतो. महिनाभर आधी काढलेले तिकीट तीस युरोच्या आसपास पडू शकते आणि त्याच गाडीचे तसलेच आसन ऐनवेळी त्याच्या तिप्पट. म्हणून भेटीची तारीख पक्की होताच तिकीट काढावे. मात्र स्वस्त तिकिटाच्या अटी वाचाव्यात. बदल करायला किंवा पैसे परत मिळायला काय शुल्क आहे, हे आधी पाहावे.

उभ्याने जाण्याची सोय येथे नाही. प्रत्येक तिकिटाबरोबर आसन राखलेले असते. तिकिटावर प्रवाशाचे नाव असते, ते पासपोर्टप्रमाणेच लिहावे. अस्सल पासपोर्ट जवळ ठेवावा. पूर्वी फलाटावरच्या पिवळ्या यंत्रात तिकिटावर शिक्का मारावा लागे. आता मोबाइलमधले तिकीट दाखवले की पुरते.

सरकारी रेल्वेच्याच दोन तऱ्हा आहेत. 'इनुई' ही नेहमीची आणि 'उईगो' ही स्वस्तातली. उईगोत मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात. डिसेंबर २०२१ पासून पॅरिस-लियॉन मार्गावर इटलीच्या रेल्वेच्या गाड्याही धावू लागल्या, त्यामुळे भाव तपासताना त्याही पाहाव्यात.

आमची गाडी कशी चुकली

आता आमची कथा. लियॉनच्या एका रेशमी कापडाच्या कारखानदाराने सकाळी अकराची वेळ दिली होती. आमच्याबरोबर आमच्या मालाच्या सॅम्पलखेरीज औरंगाबादी हिमरू विणणाऱ्या एका वयस्क कारागिराचे पाच तुकडे होते. त्याने ते स्वतः कागदात गुंडाळून दिले होते. ती त्याची अमानत होती.

आम्ही आठच्या गाडीसाठी वीस मिनिटे आधी गार द लियॉनला पोहोचलो. आपल्याकडच्या सवयीने वाटले, वेळ भरपूर आहे. परंतु तेथे फलाट कोणता हे गाडी सुटण्याच्या साधारण वीस मिनिटे आधीच पाटीवर येते. शिवाय या स्टेशनाचे मोठे दोन भाग आहेत. एका भागातील फलाटांना अक्षरे आहेत, दुसऱ्या भागातील फलाटांना आकडे. आम्ही अक्षरांच्या भागात उभे, आणि पाटीवर आला आकडा. दोन जड बॅगा ओढत, विचारत विचारत आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी समोर उभी होती, पण दरवाजे बंद झाले होते. तेथे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी दरवाजे बंद होतात आणि मग कोणाच्याही विनवणीने उघडत नाहीत. चूक सर्वस्वी आमची होती.

तिकीट वाया गेले. लगेचची गाडी भरलेली होती. त्यानंतरच्या गाडीचे तिकीट मूळ किमतीच्या तिपटीने घेतले. लियॉनला पोहोचेपर्यंत ते गृहस्थ कारखान्यावर निघून गेले होते. संध्याकाळी त्यांनी दारातच पंधरा मिनिटे दिली. हिमरूचे तुकडे त्यांनी उभ्याउभ्या उलटसुलट करून पाहिले, वीण चांगली आहे म्हणाले आणि परत केले. सौदा झाला नाही. वेळेवर गेलो असतो तर झाला असता, असा दावा आम्ही करत नाही. पण बसून बोलणे झाले असते.

घरी परतल्यावर कारागिराने एवढेच विचारले, "सेठ, त्यांनी उजेडात धरून पाहिले का?" आम्ही म्हणालो, "नाही चाचा. आम्हीच उशिरा पोहोचलो." तिकिटाचे पैसे पुढे भरून निघाले. हे उत्तर मात्र अजून जड वाटते. दुसऱ्याचा माल घेऊन जाणाऱ्याचा वेळ त्याचा एकट्याचा नसतो, हा धडा आम्ही त्या फलाटावर शिकलो.

म्हणून सांगतो, पाऊण तास आधी स्टेशनात हजर राहावे. दोन्ही भाग आधी फिरून पाहावेत. पाटीवर गावाचे नाव न शोधता आपल्या गाडीचा क्रमांक शोधावा, कारण पाटीवर बहुधा शेवटच्या स्टेशनाचे नाव असते आणि लियॉन मधले स्टेशन असू शकते. कित्येकदा दोन गाड्या एकमेकींना जोडून सुटतात व वाटेत वेगळ्या होतात, तेव्हा डब्याचा क्रमांक पाहूनच चढावे. 'व्ह्वातूर' म्हणजे डबा, 'प्लास' म्हणजे आसन, 'व्ह्वा' म्हणजे फलाट. हे तीन शब्द आले की निम्मे काम झाले. चौथा शब्द 'ग्रेव्ह', म्हणजे संप. तो तेथे वरचेवर कानी पडतो. म्हणून महत्त्वाच्या भेटीसाठी आदल्या दिवशीच लियॉनला जाऊन राहावे.

सामान, खाणे आणि नमाज

हमाल मिळेल या भरवशावर राहू नये. जेवढे स्वतः उचलता येईल तेवढेच न्यावे. इनुई गाडीत दोन बॅगा व एक हातपिशवी नेता येते आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावणे सक्तीचे आहे. मोठ्या बॅगा डब्याच्या तोंडाशी असलेल्या कप्प्यात ठेवाव्या लागतात, पण सॅम्पल व कागदपत्रे आसनापाशीच असावीत. किमती सॅम्पल परत आणायचे असतील तर 'एटीए कार्ने' नावाचा जकातीचा कागद आपल्याकडे 'फिक्की' या संस्थेकडून मिळतो, तो निघण्यापूर्वी करून घ्यावा.

गाडीत खानपानाचा डबा असतो, परंतु तेथे हलालची खात्री धरता येत नाही. पोळी-भाजी, खजूर, फळे बरोबर घ्यावीत. सफर दोन तासांचीच आहे.

वुजू मुक्कामावरूनच करून निघावे, गाडीतले नळ लहान असतात. पॅरिसहून किबला आग्नेयेकडे आहे आणि लियॉनची गाडीही साधारण त्याच बाजूला, जरा दक्षिणेकडे झुकून जाते. म्हणजे जाताना तोंड पुढे व किंचित डावीकडे येते. उन्हाळ्यात तेथे मगरीब रात्री दहाच्या सुमारास होते आणि डिसेंबरात पाचच्या आत. तेव्हा गाडीची वेळ ठरवताना नमाजची वेळही मांडून पाहावी. कस्र व चालत्या गाडीतील नमाजचे मसले निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत. जुम्यासाठी पॅरिसची मोठी मशीद आहे. ती १९२६ ची असून गार द लियॉनपासून नदीपलीकडे, फारशी दूर नाही. लियॉनची मोठी मशीद १९९४ साली सुरू झाली.

घरच्या बायका बरोबर असतील तर एक कायदा माहीत असावा. सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास फ्रान्समध्ये २०११ पासून बंदी आहे. स्टेशन व गाडीही त्यात आली. डोक्यावरच्या रुमालाला प्रवाशांसाठी बंदी नाही.

लियॉनमध्ये पाहण्यासारखे

आपल्या कारखान्यांत जकार्डचा जो माग चालतो, त्याचे नाव याच शहरातील जोसेफ मारी जाकार या माणसावरून पडले. १७५२ साली लियॉनमध्ये जन्मलेल्या या माणसाने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणण्याची युक्ती सिद्ध केली. क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर विणकरांची वस्ती होती. तेथील घरांची छते उंच आहेत, कारण जकार्डचा माग ठेंगण्या घरात मावत नसे. १८३१ साली येथील विणकरांनी मजुरीच्या दरासाठी उठाव केला होता. मजुरीचा झगडा आपल्याकडच्या विणकरांनाही नवा नाही. तेथे विणकरांचे एक छोटे संग्रहालय आहे, त्यात चालता हातमाग पाहायला मिळतो.

आपल्याकडेही मुंबई-अहमदाबाद दरम्यान ५०८ किलोमीटरचा वेगवान मार्ग बांधला जात आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी त्याची पायाभरणी झाली. ठाणे आणि सुरत ही दोन्ही स्टेशने त्यावर आहेत, म्हणजे भिवंडीचा व्यापारी सुरतेचा बाजार करून दुपारी घरी येऊ शकेल. तेव्हा या गाडीच्या रीती आपल्यालाही शिकाव्याच लागतील. फाटकात धावत शिरून चालत्या गाडीचा दांडा पकडण्याची सवय तेथे उपयोगी पडणार नाही.

जे बांधव यंदा जाणार असतील त्यांनी तिकीट लवकर काढावे, सामान कमी न्यावे आणि स्टेशनवर आधी पोहोचावे. बरोबर एखाद्या कारागिराचा एखादा तुकडाही न्यावा. अल्लाह आपली सफर सोपी करो आणि तिजारतीत बरकत देवो.