आमचा बँड हातगाडीवर!

रॉक बँड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? गिटार, ड्रम, लांब केस? आम्हा लालबागच्या पोरांचा बँड मात्र हातगाडीवर असायचा. बँजो पार्टी!

आता गंमत ऐका. ज्याला आपण बँजो म्हणतो, तो बँजो नव्हेच! खरा बँजो अमेरिकेतला, गोल, कातडं ताणलेला. आपला तो बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानमधलं. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरितांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली. डाव्या हाताने बटण दाबलं, की वाजणारी तार आखूड होते नि सूर चढतो. उजव्या हाताने तार छेडायची. पिकअप लावून भोंग्याला जोडलं, की गल्ली दणाणलीच! मग इलेक्ट्रिक गिटारीत नि यात फरक तो किती?

स्वरलिपी आमच्यात कुणालाच येत नव्हती. रेडिओवर गाणं लागलं की कान देऊन ऐकायचं, मग जिन्याखाली बसून बटणांवर शोधायचं. एखादी जागा चार-चार दिवस सापडायची नाही. "एवढा वेळ गणिताला दिला असतास तर!" घरचे ओरडत. बँजोवाला म्हणजे टवाळ, असाच समज होता. पण मिरवणूक चाळीपुढे आली, की तेच घरचे गॅलरीतून फर्माईश सोडत.

आता पुष्कळ ठिकाणी स्पीकरच्या भिंती नि तयार गाणी. तरी यंदा बँजोची गाडी दिसलीच, तर वादकाचा डावा हात बघा. बोटं बटणांवर पळताहेत, नि डोळे मात्र ताशेवाल्याकडे!