नोडला प्रश्न कसा विचारायचा, आणि उत्तर कसं लिहून ठेवायचं

ब्लॉकचेनवर संशोधन करायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो डेटाचा. सगळे सांगतात, "डेटा तर खुलाच आहे की!" खुला आहे हे खरं. पण तो नेटवर्कमधल्या हजारो नोडकडे असतो, आणि तुम्हाला त्यातल्या कुठल्या तरी एका नोडला विचारावं लागतं. हे विचारणं कसं चालतं, आणि आलेलं उत्तर प्रबंधात वापरण्याआधी काय बघायचं, ते इथेरियमचं उदाहरण घेऊन पाहू.

आरपीसी म्हणजे काय?

रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजेच आरपीसी. कल्पना साधी आहे. दुसऱ्या संगणकावरचं फंक्शन आपल्या प्रोग्राममधून असं बोलवायचं, जणू ते आपल्याच संगणकावर आहे. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांचा १९८४ सालचा पेपर या विषयात पायाभूत मानला जातो. वितरित प्रणालींकडे वळणार असाल तर तो वाचाच.

इथेरियमचा नोड हीच कल्पना जेसन-आरपीसी या रूपात वापरतो. विनंतीत चार गोष्टी असतात: आवृत्ती (२.०), मेथडचं नाव, पॅरामीटर आणि आयडी. आयडी कशाला? तुम्ही एका गठ्ठ्यात पन्नास प्रश्न पाठवले, तर उत्तरं त्याच क्रमाने येतील याची हमी नसते. कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, ते आयडीवरून जुळवायचं. उत्तरात एकतर 'रिझल्ट' असतो, नाहीतर 'एरर'. एचटीटीपीचा २०० कोड आला म्हणून सगळं ठीक झालं असं समजू नका. एरर बरेचदा आतल्या जेसनमध्ये असते.

एक साधा प्रश्न

समजा, एका पत्त्यावर किती इथर आहे ते हवंय. मेथड आहे 'इथ_गेटबॅलन्स'. तिला दोन पॅरामीटर द्यायचे: पत्ता आणि ब्लॉक. उत्तर येतं सोळा-आधारी संख्येच्या रूपात, तेही वेई या एककात. एक इथर म्हणजे एकावर अठरा शून्यं इतके वेई. इथे लगेच सावध व्हा. जावास्क्रिप्टचा साधा नंबर २ च्या ५३ व्या घातापर्यंतच पूर्णांक अचूक धरतो, म्हणून तिथे बिगइंट वापरावा लागतो. पायथनच्या पूर्णांकाला ही अडचण नाही, पण पांडासच्या ६४ बिटांच्या कॉलममध्ये साधारण ९.२ इथरच्या वरची रक्कम वेईमध्ये मावत नाही.

उत्तर कुठल्या क्षणाचं?

आता त्या दुसऱ्या पॅरामीटरकडे या. बहुतेक जण तिथे 'लेटेस्ट' लिहून मोकळे होतात. पासबुक बघताना ते कुठल्या तारखेपर्यंत भरलंय हे आपण आधी बघतो ना? इथेही तेच. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी नवा ब्लॉक येऊ शकतो. तुम्ही ५,००० पत्त्यांची शिल्लक 'लेटेस्ट' देऊन एकामागून एक विचारलीत, तर पहिली आणि शेवटची उत्तरं वेगवेगळ्या ब्लॉकची असतात. मधल्या वेळात एका पत्त्यावरून दुसऱ्यावर गेलेली रक्कम दोनदा मोजली जाईल, किंवा एकदाही नाही. तुमच्या तक्त्यातली बेरीज मग कुठल्याच क्षणाची खरी बेरीज नसते. आणि परीक्षकाने तोच कोड पुन्हा चालवला तर आकडे जुळणार नाहीत.

उपाय सोपा आहे. आधी एक ब्लॉक ठरवा आणि प्रत्येक कॉलला तोच द्या. अगदी ताजा ब्लॉक घेऊ नका, कारण तो साखळीतून बाजूला पडू शकतो. 'फायनलाइज्ड' हा टॅग देऊन शेवटचा पक्का झालेला ब्लॉक मागा. तो सहसा साधारण तेरा-पंधरा मिनिटं मागे असतो. मग त्याचा क्रमांक आणि हॅश जपून ठेवा. पुढच्या कॉलना पुन्हा टॅग देऊ नका, कारण टॅगचा अर्थ सरकत राहतो.

जुनी शिल्लक हवी असेल तर?

२०२१ मधली शिल्लक साध्या फुल नोडला विचाराल तर बहुधा एरर येईल. गेथचा नेहमीचा फुल नोड शेवटच्या १२८ ब्लॉकपुरतीच खात्यांची स्थिती जवळ ठेवतो, म्हणजे जेमतेम पंचवीस मिनिटांची. जुने व्यवहार त्याच्याकडे असले, तरी त्या वेळची शिल्लक नसते. त्यासाठी आर्काइव्ह नोड लागतो. विषय ठरवतानाच हे तपासा, कारण त्याला मोठी डिस्क लागते किंवा सशुल्क सेवा.

नोड कोणाचा?

स्वतःचा गेथ नोड एचटीटीपी चालू करून उघडलात, तर तो ८५४५ या पोर्टवर फक्त तुमच्याच संगणकाचं ऐकतो. ते तसंच राहू द्या. पोर्ट इंटरनेटला उघडं करू नका. पण बहुतेक विद्यार्थी सेवा पुरवठादाराचा नोड वापरतात, आणि तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ११ नोव्हेंबर २०२० रोजी गेथच्या जुन्या आवृत्तीतल्या दोषामुळे ती आवृत्ती चालवणारे नोड मुख्य साखळीपासून वेगळे पडले. इन्फुरा ही मोठी सेवा त्यात सापडली आणि काही एक्सचेंजना इथरचे व्यवहार थांबवावे लागले. साखळी चालूच होती. तिच्याकडे बघायची खिडकी बिघडली होती.

म्हणून थोडे आकडे दुसऱ्या नोडकडून पडताळून घ्या. त्याहून भक्कम मार्ग म्हणजे 'इथ_गेटप्रूफ'. ही मेथड शिल्लक आणि तिचा मर्कल पुरावा देते. ब्लॉकच्या हेडरमधल्या स्टेट रूटशी तो जुळवून बघता येतो. हेडर खात्रीचा असेल, तर त्या शिल्लकीसाठी पुरवठादारावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

प्रत्येक डेटासेटसोबत एवढं लिहून ठेवा: चेन आयडी (इथेरियम मेननेटचा १), ब्लॉक क्रमांक आणि हॅश, नोडचं सॉफ्टवेअर आणि आवृत्ती ('वेब३_क्लायंटव्हर्जन' विचारलं की कळते), नोड कोणाचा आणि डेटा घेतल्याची तारीख. पाच ओळींचं काम आहे. दोन वर्षांनी व्हायव्हात कोणी "हा आकडा आला कुठून?" असं विचारलं, तर उत्तर या पाच ओळींतच असेल.