डिस्कची नाडी, शेजारच्या संगणकाच्या हाती

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला, हे तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. त्या भागातील भूकंपांच्या अभ्यासासाठी आज कराडला केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा आहे. कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी भूकंपमापके सुमारे दीड किलोमीटर खोल विंधनछिद्रांत उतरवली आहेत. एवढा खटाटोप कशाला? जमिनीवर एस.टी. धावते, पंप चालतात, वारा झाडे हलवतो. या थरथरीत बारीक भूकंपाची खूण बुडून जाते.

संगणकाच्या डिस्कचा अभ्यास करणाऱ्यालाही अशीच अडचण येते. फरक इतकाच, की येथे गोंगाट मोजणारा स्वतःच करतो!

समजा, शाळेतील जुना संगणक फाईल उघडायला फार वेळ लावतो. दोष डिस्कचा की आणखी कशाचा? डिस्ककडे कोणत्या क्षणी, कोणत्या जागेची, वाचण्याची की लिहिण्याची मागणी गेली आणि ती कधी पुरी झाली, हे ओळीने टिपले की उलगडा होतो. अशा टिपणाला ट्रेस म्हणतात. लिनक्स प्रणालीत त्यासाठी बीएलकेट्रेस नावाचा प्रोग्रॅम आहे. पण टिपण ठेवायचे कुठे? त्याच डिस्कवर ठेवले, तर ते लिहिणे हेही डिस्कचे कामच. त्याचीही नोंद होणार, आणि ती लिहिली की तिची आणखी एक!

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो. शीर्ष एका वर्तुळावरून दुसऱ्यावर सरकण्यास लागणारे काही मिलिसेकंद वेगळेच. टिपण लिहिण्यासाठी शीर्षाला असे हेलपाटे पडू लागले, की मूळ कामाचा क्रमच विसकटतो. (तबकडी नसलेल्या एसएसडीत हे हेलपाटे नाहीत, वाढीव लिखाण मात्र टळत नाही.)

म्हणून नोंदी तारेने शेजारच्या संगणकाकडे पाठवायच्या. तेथे बीएलकेट्रेस श्रोता म्हणून चालू ठेवायचा आणि मंद संगणकावर तोच प्रोग्रॅम सुरू करून त्याला श्रोत्याचा पत्ता द्यायचा. नोंदी स्मृतीतील राखीव जागेत जमतात व तेथून नेटवर्कवर जातात. मंद संगणकाच्या डिस्कवर त्या लिहाव्याच लागत नाहीत. यासाठी व्यवस्थापकाचे अधिकार लागतात, तेव्हा हा प्रयोग शिक्षकांबरोबरच करा.

थोडी स्मृती आणि प्रोसेसरचा थोडा वेळ खर्ची पडतोच. नेटवर्क संथ असेल, तर राखीव जागा भरून काही नोंदी गळतात. किती गळल्या ते प्रोग्रॅम शेवटी सांगतो. तो आकडा आधी पाहा. शून्य नसेल, तर राखीव जागा वाढवून टिपण पुन्हा घ्या.