ढोलाच्या आवाजाची ‘सवय’ होते, म्हणजे नक्की काय होतं?

गणपती जवळ आले की कर्वेनगरमध्ये संध्याकाळी नदीकाठाकडून ढोल-ताशाच्या सरावाचा आवाज येऊ लागतो. पहिल्या दिवशी दचकायला होतं. आठवडाभरात त्याच आवाजात अभ्यास होतो, जेवणंही होतात.

अचानक मोठा आवाज आला की मेंदूतला अमिग्डाला धोक्याचा इशारा देतो, अ‍ॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते. तोच आवाज रोज आला आणि वाईट काहीच घडलं नाही, की मेंदू त्याची दखल घेणं कमी करतो.

पण गोम इथेच आहे. सवय लक्षाला होते, शरीराला तितकी होत नाही. रहदारीच्या आवाजाला सरावलेली माणसं रात्री जागी होत नाहीत, तरी गाडी गेली की झोपेतच त्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात, असं झोपेच्या अभ्यासांत दिसलंय. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाच्या ५५ पेक्षा कमी, ठेवली आहे ती उगाच नाही.

कानाला तर सवय हा प्रकारच नाही. आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यामुळे पथकात वाजवत असाल तर इअरप्लग घाला (रीलमध्ये भारी दिसत नाहीत, मान्य). सरावानंतर कानात शीळ वाजत असेल आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.