स्ट्रॉबेरीचा हंगाम दोन्ही टोकांनी ताणताना
घरची बाग, मावळची हवा : लेखांक ६

कार्ल्यात घरी लावलेली स्ट्रॉबेरी बहुतेकांकडे नाताळाच्या सुमारास पहिलं फळ देते आणि शिमग्याआधीच दमते. दोन-अडीच महिन्यांचा हा हंगाम चार-साडेचार महिन्यांपर्यंत नेता येतो. त्यासाठी पॉलिहाउस बांधावं लागत नाही. रोपाचं फुलणं कशामुळे अडतं, हे मात्र नीट कळायला हवं. गेल्या लेखात कुंडी आणि माती झाली. आज फुलांचं वेळापत्रक पाहू.

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरी म्हटलं की महाबळेश्वर-पाचगणी. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी याच पट्ट्यात पिकते आणि २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथले शेतकरी परदेशातून मातृरोपं आणतात, पावसाळ्यात रोपवाटिकेत त्यांच्या रनरपासून, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या लांब फुटव्यांपासून, नवी रोपं तयार करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती गादीवाफ्यावर लावतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून पुढे उन्हाळ्यापर्यंत तोडे चालतात. हे वेळापत्रक जसंच्या तसं उचलून कार्ल्यात चालत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच आहे आणि आपलं इंद्रायणीचं खोरं सहाशे मीटरच्या आसपास. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे इथे आणि तिथे चार-पाच अंशांचा फरक पडतो. माणसाला हा फरक स्वेटरपुरता वाटतो, पण स्ट्रॉबेरीच्या कळीला तो फार मोठा असतो.

बागकामाच्या बहुतेक परदेशी पुस्तकांत स्ट्रॉबेरीची विभागणी दिवसाच्या लांबीवरून केलेली असते. काही वाणांना कळ्या धरायला लहान दिवस लागतात, काहींना दिवस किती लांब आहे याचं सोयरसुतक नसतं. हा दुसरा प्रकार कॅलिफोर्निया विद्यापीठाने युटाच्या डोंगरातल्या एका रानटी स्ट्रॉबेरीशी संकर करून तयार केला आणि १९७९ पासून त्याचे वाण बाजारात आले. उन्हाळ्यात दिवस सोळा-सोळा तासांचा होतो, अशा देशांत त्यांचं मोल मोठं आहे. आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा जेमतेम सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान अकरा तासांचा. आपल्या हंगामात, सप्टेंबर ते एप्रिल, दिवस फार लांब होतच नाही. म्हणून ‘बारमाही’ अशी चिठ्ठी लावलेल्या महागड्या रोपाकडून कार्ल्यात मोठी आशा ठेवू नये. पारा तिशीपार जाऊ लागला की त्याचंही फुलणं मंदावतं. इथे रोपाला अडवतात ते एका बाजूने पाऊस आणि दुसऱ्या बाजूने ऊन. पहिलं टोक पावसापासून सोडवायचं, दुसरं उन्हापासून.

पहिलं टोक त्यातल्या त्यात सोपं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडे वडगाव-तळेगावला जाता जाता तो झपाट्याने कमी होतो, आणि कार्ले या उतरणीवर आहे. तरीही सप्टेंबरातल्या सरी रोप कुजवायला पुरेशा असतात. म्हणून लोक ऑक्टोबरची उघडीप पाहून लागवड करतात आणि तिथेच तीन आठवडे हातचे जातात. रोपं सप्टेंबरच्या मध्यावर आणा. ती पडवीत, पन्हाळीच्या आत ठेवा, किंवा बांबूच्या कामट्यांच्या गुडघाभर उंच कमानीवर प्लॅस्टिक टाकून त्याखाली लावा. दोन्ही बाजू उघड्या राहू द्या, नाहीतर आत वाफ कोंडून बुरशी धरते. लावताना क्राउन, म्हणजे पानांच्या तळाचा जाड आखूड बुंधा, मातीच्या बरोबरीला हवा. तो गाडला गेला तर सडतो, उघडा राहिला तर मुळं सुकतात. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा.

थंड भागातल्या रोपवाटिकेतून आलेल्या रोपात कळ्यांची तयारी बरेचदा आधीच झालेली असते, त्यामुळे लावल्यावर थोड्याच दिवसांत फूल दिसतं. पहिल्या महिन्याभरातली ही फुलं खुडून टाकावीत. जिवावर येतं, हे खरं. पण इवल्या मुळांवर फळ पोसायला घेतलेलं रोप पुढे वाढतच नाही. लवकर लावल्यामुळे हा महिना आपल्याला परवडतो. ऑक्टोबरच्या उन्हात भर दुपारी थोडी सावली दिली आणि दसऱ्यानंतर फुलं राहू दिली, तर नोव्हेंबरच्या शेवटी फळ हातात येतं. फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला साधारण महिना लागतो, कडक थंडीत थोडा जास्त. वाण निवडताना एकाच जातीवर भिस्त ठेवू नका. विंटर डॉन आणि स्वीट चार्ली हे दोन्ही फ्लोरिडाचे वाण लवकर येतात. कॅलिफोर्नियाची कॅमारोझा मागाहून येते, तिचं फळ टणक असतं. निम्मी रोपं सप्टेंबरात, उरलेली ऑक्टोबरअखेर अशी लावली की दोन बहरांमधली पोकळी भरून निघते.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. येणारे रनर काढत राहा. फळ आणि रनर दोन्ही एकाच वेळी पोसणं कुंडीतल्या रोपाला झेपत नाही. सुरुवातीला १९:१९:१९, कळ्या दिसल्या की ०:५२:३४ आणि फळं धरल्यावर १३:०:४५ ही पाण्यात विरघळणारी खतं शेतकरी वापरतात. घरी आठवड्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम पुरे. नत्र जास्त झालं तर पानं माजतात. फळावर दिसणारा प्रत्येक दाणा फुलातल्या एकेका स्त्रीकेसरापासून झालेला असतो. जिथे परागकण पोचत नाहीत तिथला गर फुगत नाही आणि फळ वेडंवाकडं होतं. सातेरी किंवा फुलोरी मधमाश्या येत असतील तर काही करायला नको. बंद गॅलरीत मऊ कुंचला रोज सकाळी फुलावरून गोल फिरवावा. पहाटेचं दव खोऱ्यात बराच वेळ रेंगाळतं, म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका. राखाडी बुरशी आलेलं फळ दिसताक्षणी काढून लांब टाका. बुलबुलांसाठी जाळी लागेलच.

आता दुसरं टोक. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की लोक सावली शोधतात, तोवर थोडा उशीर झालेला असतो. मार्चअखेर जे फळ तोडायचं, त्याची कळी बुंध्यात जानेवारीच्या गार रात्री धरलेली असते. त्या रात्री रोप पहिल्या बहराने थकलेलं असेल तर कळी धरत नाही. म्हणून पहिला बहर ओसरला की जुनी, लालसर पडलेली पानं देठासकट काढावीत, बुंध्याभोवती मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत द्यावं, खताची पाळी चुकवू नये. जानेवारीचा दुसरा पंधरवडा मला साऱ्या हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमकं तेव्हाच, फळं कमी झाली म्हणून, आपलं लक्ष उडतं.

मग प्रश्न मुळांचा. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत दुपारी ती माती हाताला चटका देते. पानांवर सावली असूनही रोप कोमेजतं ते यामुळे. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, पूर्वेकडच्या भिंतीला आणा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल. मातीची कुंडी सर्वांत चांगली; माठ ज्या कारणाने गार राहतो त्याच कारणाने तिच्यातली मातीही गार राहते. प्लॅस्टिकचीच असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरा. वर पन्नास टक्क्यांचं शेडनेट फेब्रुवारीच्या मध्यापासून लावा, पण फक्त अकरा ते चार. दिवसभर अंधार केला तर फळात गोडी उतरत नाही.

आच्छादनासाठी मावळात दूर जायला नको. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी भात आपल्याकडे घरोघरी आहे. त्याची कापणी-झोडणी झाली की ताजा पेंढा मिळतो, आणि तेव्हाच आपली पहिली फळं मातीला टेकू लागलेली असतात. दोन-तीन बोटं जाडीचा थर द्या. फळ स्वच्छ राहतं, ओल टिकते. शेतातलं काळं-चंदेरी मल्चिंग पेपर कुंडीत मला तरी पटत नाही. पेंढा कुजतो, मातीतच जातो. पेंढ्यात राहिलेले दाणे उगवतात, ते उपटावे लागतात, आणि गोगलगायींवर नजर ठेवावी लागते. मार्चमध्ये पाणी दोनदा, सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर, पानांना न लावता बुंध्याशी.

एवढं केल्यावर मार्चअखेरपर्यंत, गार कोपरा मिळाला तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फळ येत राहतं. ते जानेवारीतल्यापेक्षा लहान असतं, कारण उन्हाळ्यात ते घाईने पिकतं आणि उबदार रात्री त्यातली साखर खर्चही होते. तरी त्याची चव विकतच्या डबीतल्या फळाला येणार नाही. स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होते, पण गोड होत नाही. बाजाराचं फळ प्रवास सोसावा म्हणून थोडं आधी तोडावं लागतं. आपण ते देठाजवळच्या टोकापर्यंत लाल होऊ देऊ शकतो. सकाळी, ऊन चढायच्या आत, देठासकट तोडावं आणि खाईपर्यंत धुऊ नये.

एप्रिलच्या मध्यानंतर फुलांचा आग्रह सोडा. मे महिन्यात फळासाठी बर्फाचं पाणी वगैरे घालण्यात रोपाचे हाल आहेत. आता रनर येऊ द्या. सगळ्यात निरोगी दोन-तीन रोपं राखून त्यांच्या प्रत्येकी चार-पाच रनरची टोकं ओलसर मातीच्या छोट्या पिशव्यांवर तारेच्या आकड्याने दाबून ठेवा. मुळं धरायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर मातृरोपाशी जोडलेली नाळ कापू नका. ही पोरं जून ते सप्टेंबर पावसात कुठे आणि कशी सांभाळायची, बुंधा सडण्यापासून त्यांना कसं वाचवायचं आणि कोणती रोपं न ठेवता नवी विकत आणणंच बरं, हे पुढच्या आठवड्यात.