प्रथिनांचा मुकादम

‘प्रथिने कमी खाल्ली की आयुष्य वाढते, असे ऐकले. सत्तरी ओलांडली आहे, डाळ-अंडी सोडू का?’ असे एका वाचकाने विचारले आहे. या प्रश्नाची मुळे चक्क ईस्टर बेटाच्या मातीत आहेत.

१९६४ मध्ये निघालेल्या कॅनडाच्या मोहिमेने ती माती आणली. मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या चमूने तिच्यातल्या जिवाणूपासून रॅपामायसिन मिळवले. पुढे कंपनीने प्रयोगशाळाच बंद केली. सेहगलांनी मात्र तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपला. डब्यावर सूचना, ‘खाऊ नये’! बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या या माणसाचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? १९९९ मध्ये रॅपामायसिन हे औषध म्हणून मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मंजूर झाले. सेहगल २००३ मध्ये गेले. माणसाच्या साठीएवढ्या वयाच्या उंदरांचे आयुष्यही त्या औषधाने वाढते, हे २००९ मध्ये दिसले. ते पाहायला सेहगल नव्हते.

रॅपामायसिन पेशीतल्या ‘एमटॉर’ला आवरते. हा एमटॉर म्हणजे बांधकामावरचा मुकादम. प्रथिनांतली अमिनो आम्ले, विशेषतः ल्युसिन, हा त्याचा माल. माल आला की मजले चढवायचे. नाही आला की राडारोडा उपसून डागडुजी करायची. बांधकाम अखंड चालले तर डागडुजी राहून जाते. म्हणून ‘प्रथिने कमी करा’ हा सल्ला.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या सहा हजारांवर लोकांच्या पाहणीत ५० ते ६५ वयात जास्त प्रथिने खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पण प्रथिने वनस्पतीजन्य असतील तर धोका जवळजवळ दिसेना, आणि पासष्टीनंतर तर चित्र उलटेच! शिवाय त्यातला आहार मोजला होता एका दिवसाच्या आठवणीवरून. एवढ्यावर कोणी ‘दीर्घायुष्याचा मंत्र’ विकत असेल, तर खिसा सांभाळा.

म्हातारपणी हा मुकादम कानाने मंद होतो. तेवढ्याच मालात स्नायू पुरेसे बांधले जात नाहीत. म्हणून आपल्याकडची प्रथिनांची शिफारस वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम असली, तरी पासष्टीनंतर १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, असे वार्धक्यतज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ मध्ये सुचवले. साठ किलोच्या आजोबांना ती रोज साठ-सत्तर ग्रॅम हवीत. एका अंड्यातून मिळतात सहा. रात्री नुसत्या चहा-खारीवर भागवून हा हिशेब जुळत नाही.

तेव्हा डाळ-अंडी सोडू नका. घट्ट वरण, उसळ, दही वाढवा आणि रोज चाला. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.