गायक थांबला की नाच सुरू!

'ब्रेकडान्स' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? कुणी डोक्यावर गरगर फिरतंय, कुणी एका हातावर उलटं उभं आहे, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा! 'ब्रेक' म्हणजे मोडणं, म्हणून हा हाडं मोडणारा नाच, असं आमच्या शाळेतल्या पाचवीच्या एका पठ्ठ्यानं मला ठासून सांगितलं. पण गंमत अशी, की हा 'ब्रेक' हाडांचा नाहीच. तो गाण्याचा आहे.

नाचाचं एखादं गाणं नीट ऐका. गायक गातोय, गिटार वाजतेय, बाजा वाजतोय. मध्येच सगळे गप्प होतात आणि उरतो फक्त ड्रमचा ताल. पाच-दहा सेकंदच. मग पुन्हा सगळे सुरू. ती जी मोकळी जागा असते ना, तिलाच वादक मंडळी 'ब्रेक' म्हणतात.

आता थेट अमेरिकेत जाऊ. न्यूयॉर्क शहरात ब्रॉन्क्स नावाचा गरीब वस्तीचा भाग आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं इमारतीच्या हॉलमध्ये नाचाची पार्टी ठेवली. कशासाठी? शाळा सुरू होणार होती आणि नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते! मुलींना तिकीट २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड वाजवायला होता तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. लोक त्याला 'कूल हर्क' म्हणत.

हर्कची नजर मोठी तीक्ष्ण. त्यानं पाहिलं, की गाणं चालू असताना काही पोरं भिंतीला टेकून उभी असतात. ब्रेक आला की मात्र मैदानात उडी घेतात. पण ब्रेक तर लगेच संपतो! मग त्यानं युक्ती काढली. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड घेतल्या, दोन यंत्रांवर ठेवल्या. पहिलीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू, तेवढ्यात पहिली मागे फिरवून तयार. दोन बादल्यांनी पाणी भरतो ना आपण? एक रिकामी करेपर्यंत दुसरी भरते, अगदी तसं. दहा सेकंदांचा ब्रेक पाच मिनिटं चालू लागला. त्या तालावर नाचणारे ते 'ब्रेक बॉय', म्हणजेच बी-बॉय. मुली असतील तर बी-गर्ल.

हर्कची ही जादू इतरांनी चोरू नये म्हणून तो रेकॉर्डवरचं नावाचं लेबल पाण्यात भिजवून काढून टाकायचा. आहे की नाही वस्ताद?

त्याच्या पेटाऱ्यातलं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे 'अपाची'. 'द शॅडोज' या इंग्लंडच्या वाद्यवृंदानं १९६० मध्ये ही धून गिटारवर गाजवली होती. १९७३ मध्ये 'इन्क्रेडिबल बोंगो बँड'नं ती पुन्हा वाजवली आणि मध्ये ड्रम व बोंगोचा लांबलचक ब्रेक घातला. बोंगो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायची जुळी ढोलकी. आजही 'अपाची' लागलं की जगातला कुठलाही बी-बॉय जागेवर उभा राहू शकत नाही. जिमी कॅस्टरच्या चमूचं 'इट्स जस्ट बिगन' आणि 'बेब रूथ' या वाद्यवृंदाचं 'द मेक्सिकन' ही दोन्ही १९७२ ची गाणी. तीही अशीच लाडकी.

या गाण्यांची गती साधारण मिनिटाला ११० ते १२५ ठोके असते. घरी करून पाहा. भिंतीवरच्या घड्याळाची दर टिकटिक होताना दोन टाळ्या वाजवा. झाले १२० ठोके!

आता एका वादकाची गोष्ट सांगते. क्लाइड स्टबलफील्ड हा जेम्स ब्राऊन या प्रसिद्ध गायकाचा ड्रमवादक. १९७० मध्ये आलेल्या 'फंकी ड्रमर' या गाण्यात त्यानं काही सेकंदांचा ब्रेक वाजवला. पुढे शेकडो गाण्यांत लोकांनी तो तुकडा कापून चिकटवला. नाव आणि पैसा दुसऱ्यांना मिळाला, क्लाइडला त्या तुकड्याचं मानधन नाही की श्रेय नाही. २०१७ मध्ये तो वारला. पत्रिकेवर गायकाचं नाव मोठं आणि ढोलकीवाल्याचं नावच नाही, हे आपल्याकडेही घडतं. मला तरी हे बरं वाटत नाही.

आपल्याकडे हा नाच सिनेमातून आला. 'मेरी जंग' (१९८५) मधला जावेद जाफरी आणि 'इल्जाम' (१९८६) मधला गोविंदा तुमच्या आई-बाबांना नक्की आठवत असतील. विचारून पाहा, एखादी स्टेप करूनही दाखवतील! पण सिनेमातला नाच आधी बसवलेला असतो. आपल्या स्नेहसंमेलनातही तसंच. गाणं ठरलेलं, स्टेप पाठ. खऱ्या ब्रेकिंगच्या सामन्यात मात्र गाणं नाचणारा निवडत नाही, डीजे निवडतो. काय लागणार ते आधी माहीतच नसतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला 'रेड बुल बीसी वन' या स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी झाली. मुलांत नेदरलँड्सचा मेनो जिंकला, मुलींत रशियाची कास्टेट. तिथेही हाच नियम. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपानची आमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्णपदकं मिळवली. तिथे पाच गोष्टींना सारखे गुण होते आणि त्यांतली एक होती संगीताशी जुळणं. उड्या कितीही भारी मारा, ताल चुकला की गुण गेले.

हे आपल्या मुलांना अवघड नाही बरं का! लेझीम खेळताना हलगीवाला ठेका बदलतो तेव्हा तुम्ही काय करता? कान देता आणि पाऊल बदलता. आमच्या अंबड तालुक्यातल्या शाळेत आम्ही शनिवारी असाच खेळ घेतो. कधी संबळ लावते, कधी 'अपाची'. काय लागणार ते कुणालाच सांगत नाही. ठेका बदलला की पाऊल बदलायचं, थांबला की पुतळा व्हायचं. पाठ केलेल्या नाचात पहिली येणारी मुलगी इथे गोंधळते, आणि नेहमी मागच्या रांगेत उभा राहणारा पोरगा बरोब्बर ठोक्यावर थांबतो.

पालकांनो, एक विनंती. डोक्यावर फिरणं, हातावर उलटं होणं हे फरशीवर किंवा सतरंजीवर करू देऊ नका. मानेला इजा होते. त्याला जाड गादी आणि शिकवणारा जाणकार माणूस हवाच. सुरुवात करायची ती उभ्यानं करायच्या पावलांपासून. त्यांना 'टॉपरॉक' म्हणतात. त्याला घरातलं अंगण पुरतं.